दापोलीत हॉलिडे लॉज घेताय? आधी घराकडे पाठ करून उभे राहा

एस.टी. स्टँडसमोरचं लॉज वेगळं आणि जाहिरातीतलं 'हॉलिडे लॉज' वेगळं, हे आधी घरच्यांना समजावून सांगा. "दापोलीत एक लॉज विकायला आहे, बघून येतो," असं मी आईला म्हटलं तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. जाहिरातीतलं लॉज म्हणजे डोंगरउतारावरचा दोन-तीन खोल्यांचा नव्या धाटणीचा बंगला. पुढे लाकडी डेक, भिंतभर काचा, पोहायला छोटा तलाव, मागे हापूसची चार कलमं. मालक वर्षातले दहा दिवस स्वतः राहतो, उरलेले भाड्याने देतो. निदान देतो असं सांगतो.

दापोली मुंबईपासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोकण रेल्वेचं खेड स्टेशन तिथून सुमारे तीस किलोमीटर. गाव डोंगरावर असलं तरी कर्दे, मुरुड, लाडघरचा समुद्र अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. इंग्रजांनी इथे छावणी टाकली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बाजार, दवाखाने, बँका सगळं तालुक्याच्या गावी असावं तेवढं आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत इथे असे तयार बंगले विक्रीला येऊ लागले आणि ते बघायला येणाऱ्यांत पहिल्यांदाच जमीन घेणारे खूप असतात. शहरात फ्लॅट घेतलेला असतो, त्यामुळे व्यवहार कळतो असं त्यांना वाटतं. फ्लॅटचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. तिथे रस्ता, पाणी आणि हद्द बिल्डर आणि पालिका बघतात, इथे तिन्ही तुमच्या गळ्यात. म्हणून मी नवख्या माणसाला सांगतो, पहिला तासभर घर बघूच नका. घराकडे पाठ करून उभे राहा आणि बाकी सगळं बघा.

पहिली फेरी जुलैत मारा

एजंट तुम्हाला डिसेंबरात नेतो. हवा गार, गवत सोनेरी, समुद्र निळा. डिसेंबरात कुठलीही जागा छानच दिसते. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जागेचे सगळे दोष त्याच महिन्यांत वर येतात. डोंगरावरचं पाणी कुठून उतरतं, अंगणातून वाहतं का, वाटेतल्या मोरीवरून पाणी जातं का, वीज किती वेळ नसते, मोबाईलला रेंज राहते का, हे एका ओल्या शनिवार-रविवारी कळतं. मालक राजी असेल तर भाडं भरून त्याच घरात दोन रात्री राहा.

घर बांधण्यासाठी उतार कापून सपाटी केलेली असेल तर मागची कापलेली दरड नीट पाहा. संरक्षक भिंत आहे का, त्या भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का आणि जुलैत त्या भोकांतून खरोखर पाणी येतं का? भोकं कोरडी आणि भिंत फुगलेली दिसली तर पाणी मागे साठतंय. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली, ते गाव इथून फार लांब नाही. डोंगर कापून बसवलेल्या घरात झोपताना हे आठवतं.

रस्ता कोणाचा?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'डांबरी रस्त्यापासून २०० मीटर'. या २०० मीटरांतच खरा प्रश्न असतो. ती वाट कोणाच्या सर्व्हे नंबरातून जाते? बऱ्याचदा शेजाऱ्याच्या बागेतून, त्याच्या मेहरबानीवर. मूळ मालक गावचा असतो, त्याच्यासाठी कोणी गडगा घालून वाट अडवत नाही. तुम्ही मुंबईहून आलात, दोन वर्षांनी काही बिनसलं, की एका सकाळी वाटेवर चिऱ्यांची रास दिसते. तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण तोवर पाहुण्यांच्या गाड्या खाली वाडीतच उभ्या राहणार.

म्हणून गाव नकाशात ती वाट आहे का ते बघा. नसेल तर ज्यांच्या जमिनीतून ती जाते त्यांच्याकडून रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने लिहून घ्या, रुंदी फुटांत लिहा आणि हे काम विक्रेत्यानेच खरेदीखताआधी पुरं करावं अशी अट घाला. "आमचं सगळं घरचंच आहे" हे उत्तर मी चार ठिकाणी ऐकलं. चारही ठिकाणी ते खरं होतं, पण विक्रेत्यापुरतं.

पाणी मे महिन्यात मोजा

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये इथे टँकर फिरतात, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. कारण पायाखालचा जांभा आहे. हा दगड सच्छिद्र, चाळणीसारखा. पाणी मुरतं आणि उताराने निघून जातं. विहीर जानेवारीत काठोकाठ दिसली तरी फार अर्थ नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यात दोर सोडा. किनाऱ्याजवळ बोअर असेल तर पाणी खारं लागतं का ते स्वतः चाखून पाहा, शिवाय तपासूनही घ्या.

विक्रेत्याकडे मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं मागा. बिलं नाहीत म्हणाला तर टँकरवाल्याला विचारा. गावात टँकरवाले मोजकेच असतात आणि कोणत्या बंगल्यावर किती फेऱ्या झाल्या हे त्यांना तोंडपाठ असतं. पोहण्याच्या तलावाचा हिशेबही करा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल म्हणजे ४०,००० लिटर. दहा हजारांचे चार टँकर नुसते भरायलाच लागतात. उलट छपरावरचं पाणी बघा. १०० चौरस मीटरच्या छपरावर दापोलीच्या पावसात वर्षाला साडेतीन लाख लिटर पाणी पडतं. पागोळ्यांचं हे पाणी टाकीत किंवा विहिरीत वळवलेलं असेल तर मालक शहाणा होता असं समजा. मग घरातही त्याने काही बरं केलेलं असण्याची शक्यता वाढते.

आता कागद, आणि इथे घाई नको

सातबारा ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका, स्वतः काढा. त्याच्याबरोबर आठ-अ, म्हणजे मालकाच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, आणि त्या सर्व्हे नंबरावरचे सगळे जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर दिसते ती आजची स्थिती, जमीन या हातातून त्या हातात कशी गेली ते फेरफारात असतं.

सातबाऱ्यावर पहिल्यांदा नजर टाकायची ती जमीन बिनशेती आहे की शेतीची यावर. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यासाठी कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. "घर बांधलेलं आहे म्हणजे बिनशेतीच" हे एजंटचं आवडतं वाक्य. तसं काही नसतं. शेतजमिनीवर शेतकऱ्याला शेतघर बांधता येतं, तेही जमीन निदान ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एकरभर असेल तर. ते शेतघर काचा लावून लॉज म्हणून विकायला निघालेलं असू शकतं. बिनशेतीचा आदेश मागा, त्यात वापर कोणता लिहिलाय ते वाचा, मंजूर नकाशा मागा आणि तो नकाशा हातात धरून घराभोवती फिरा. नकाशात दोन खोल्या आणि प्रत्यक्षात चार, असं असेल तर उरलेल्या दोन खोल्यांचे पैसे तुम्ही का द्यायचे? आणि त्या पाडायची नोटीस आली तर ती कोणाच्या नावाने येणार?

इथे एक गैरसमज फारच पसरलेला आहे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवला की लोक निर्धास्त होतात. घरपट्टी म्हणजे कर. पंचायत उभ्या असलेल्या कुठल्याही बांधकामाकडून कर घेते. त्या उताऱ्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम कायदेशीरही ठरत नाही.

मग नावं. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका नंबराला वीस-पंचवीस सहहिस्सेदार असणं ही नेहमीची गोष्ट. निम्मे लालबाग-डोंबिवलीत, काही वारलेले आणि वारसनोंद न झालेले, बहिणींची नावं 'इतर हक्कात' ढकललेली. विक्रेता म्हणतो, आमची वहिवाट वेगळी आहे, तोंडी वाटणी झालेली आहे. तोंडी वाटणीवर पैसे देऊ नका. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ पासून मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. पनवेलला राहणारी एखादी आत्या दहा वर्षांनी दावा लावते तेव्हा तिचं काही चुकत नसतं. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र होऊन वेगळा पोटहिस्सा पडलेला हवा. कोणी कुलमुखत्यारपत्रावर सही करणार असेल तर ते नोंदवलेलं आहे का आणि लिहून देणारा हयात आहे का, दोन्ही तपासा.

'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात शेवटी छापलेला असतो आणि लोक तो वाचतही शेवटीच. मी तो पहिल्यांदा वाचतो. तिथे कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असेल, 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा असेल, बँकेचा बोजा असेल किंवा खाजगी वनाचा उल्लेख असेल तर थांबा. कलम ४३ म्हणजे कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, पण ही अडचण बहुधा सुटते. कुळाला जमीन मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, चाळीसपट रक्कम भरून ती मोकळी होते. वनाच्या शेऱ्यात मात्र पडू नका. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल किंवा मूळ मालक आदिवासी असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार उभाच राहत नाही.

हे सगळं दापोलीतल्याच वकिलाकडून तपासून घ्या, तुमच्या ठाण्याच्या मित्राकडून नको. तालुक्याच्या वकिलाला कोणत्या वाडीत कोणाचा दावा चालू आहे हे कोर्टाच्या बाहेरूनच माहीत असतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध, मागा आणि रत्नागिरी जिल्ह्यात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस द्या. मोजणी करून घेतल्याशिवाय तर पुढे जाऊच नका. भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी आणि तिचा 'क' प्रत नकाशा. एका जागी मोजणीत निघालं की डेकचा कोपरा शेजाऱ्याच्या नंबरात होता, बसायला सगळ्यात सुंदर तोच कोपरा.

गेट लावलेल्या वसाहतीत बारा-पंधरा सारखी लॉजं असतील तर एक वेगळा सापळा असतो. पूर्ण जमीन एकाच सर्व्हे नंबराची आणि प्रत्येक खरेदीदाराला त्यात 'अविभाज्य हिस्सा'. म्हणजे तुमचं घर तुमचं, पण घराखालची जमीन कोणती हे कागदावर कुठेच नाही. असला प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठा किंवा आठहून जास्त घरांचा असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी लागते. क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर जाऊन वाचा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, यांना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. बिनशेती जमिनीवरचं राहतं घर घेता येतं. न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर पसंत केलेलं 'फार्महाऊस' आधी कागदावर काय आहे ते बघा.

समुद्र किती जवळ?

समुद्र जितका जवळ तितका भाव जास्त, आणि कागदाची भीतीही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारपट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांत येतो. खेडेगावांत त्यातला पहिला २०० मीटरचा भाग सहसा नवीन बांधकामाला बंद असतो, खाडीकाठालाही स्वतःचे नियम आहेत. भरतीरेषा डोळ्यांनी ठरत नाही, ती नकाशावर आखलेली असते. 'सी टच' असं लिहिलेलं दिसलं तर मालकाला आधी विचारा, सीआरझेडची परवानगी दाखवा. मला विचाराल तर समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, किंवा दापोलीच्या अंगाला घर घ्या. कर्द्याला गाडीने जा, हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघा आणि झोपायला वर या. लोखंडही उशिरा गंजतं.

आता वळा घराकडे

पाऊस नैऋत्येकडून येतो, झडीने येतो, आडवा. जाहिरातीतली भिंतभर काच नेमकी त्याच बाजूला असते, कारण समुद्र त्याच बाजूला. काचेच्या चौकटीखालची फरशी फुगली आहे का, पडद्यांच्या खालच्या कडेला बुरशी आहे का ते पाहा. सपाट स्लॅब असेल तर गळतीचे डाग नव्या रंगाखाली लपलेले असतात, म्हणून कपाटाच्या आत आणि पंख्याच्या वाटीभोवती बघा. उतरतं छप्पर आणि खाली रुंद पडवी असलेलं साधं घर या हवेत जास्त टिकतं. ते फोटोत तितकंसं खुलत नाही, एवढाच त्याचा दोष. कौलं असतील तर वानरं येतात, आणि कौलं फुटली की हसू येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात छपरं उडाली, बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विक्रेत्याला विचारा की निसर्गमध्ये या घराचं काय झालं? घर त्यानंतरचं असेल तर पत्रे कशाने बांधलेत, घरावर झुकलेलं झाड आहे का आणि इन्व्हर्टर किती तास चालतो हे विचारा. लाकडी डेकच्या खाली वाकून टॉर्च मारा, वाळवी वरून दिसत नाही. शौचालयाची टाकी विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवी. बिजागऱ्या, एसीचा बाहेरचा भाग, गेटची चाकं बघा. घर तीन वर्षांचं आणि बिजागऱ्या दहा वर्षांच्या दिसत असतील तर देखभालीचा खर्च तुम्हाला तिथेच कळेल.

भाड्याचं गणित कागदावर मांडा

विक्रेता तुम्हाला मे महिन्याचं बुकिंग दाखवतो. बारा महिन्यांचं मागा, बँकेत जमा झालेल्या रकमांसकट. मी उदाहरणादाखल असं मांडतो. दिवसाचं भाडं ८,००० आणि वर्षात ७० दिवस घर भरलं, तर ५,६०,००० रुपये आले. केअरटेकरचा पगार महिना १५,००० धरला तर वर्षाचे १,८०,००० गेले, ॲपचं कमिशन पंधरा टक्क्यांनी ८४,०००, वीज, टँकर आणि तलावाचे ९०,०००, रंग-दुरुस्ती-धुलाईचे १,२०,०००. उरले ८६,०००. घर सव्वा कोटीचं असेल तर ही कमाई टक्कासुद्धा नाही. आकडे तुमचे टाका, पण पद्धत हीच ठेवा. 'वर्षाला बारा टक्के परतावा, हमी' असं कोणी म्हणालं तर ती हमी कोण देतंय, तीन वर्षांनी तो असेल का आणि घराच्या किमतीतच त्याने ते बारा टक्के आधी चढवून ठेवलेत का, एवढं विचारा.

भाड्याने द्यायचंच असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. शेती असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालीही नोंदणी होते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. घरगुती वीजजोडणीवर पाहुणे ठेवता येतात का हे महावितरणकडे आधी विचारून घ्या, नाहीतर दंड भरावा लागू शकतो.

आणि केअरटेकर. याच्यावर सगळं उभं आहे. शक्यतो वाडीतलंच जोडपं बघा, पावसाळ्यातही पूर्ण पगार द्या. ते गणपतीत आणि शिमग्यात कामाला येणार नाहीत. पाहुण्यांचं बुकिंग घेण्याआधी हे लक्षात ठेवा, त्यांच्यावर चिडू नका. शिमग्यात पालखी वाडीत घरोघरी येते तेव्हा दार उघडं ठेवा आणि नारळ तयार ठेवा. दोन वर्षांनी वाटेवर चिऱ्यांची रास दिसायची नसेल तर हा खर्चही धरा.

इसार, दस्त आणि नंतरचे तीन महिने

कागद वकिलाने बघण्याआधी इसार देऊ नका, कितीही छोटा असला तरी. द्यायचाच झाला तर साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, नोंदवून द्या. त्यात मोजणी, रस्त्याचा दस्त आणि बोजा कमी करणं या अटी तारखांसकट घाला. फर्निचरसकट घेत असाल तर यादी जोडा. एका ओळखीच्या माणसाला ताबा मिळाला तेव्हा घरात खाटा होत्या, गाद्या नव्हत्या.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत, यांत जे जास्त त्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, विक्रेता अनिवासी असेल तर नियम आणखी कडक, तिथे सीएला विचारा. थोडी रक्कम रोखीत द्या असं सुचवलं गेलं तर नाही म्हणा. पुढे विकताना तो फरक तुमच्या अंगावर येतो.

दस्त झाला की पेढे वाटून लोक विसरून जातात. सातबाऱ्यावर तुमचं नाव आपोआप पक्कं होत नाही. फेरफाराची नोंद पडते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. तलाठ्याकडे जाऊन पाठपुरावा करा आणि नाव लागलेला नवा उतारा हातात येईपर्यंत विक्रेत्याचा नंबर फोनमधून काढू नका. त्यानंतर ग्रामपंचायतीत घरपट्टी नावावर करा आणि महावितरणकडे मीटर. मीटरचं काम सगळे टाळतात. मग जुन्या मालकाच्या नावाने येणारं बिल त्याच्या जुन्या मोबाईलवर जातं, तो ते भरत नाही, आणि बरोबर दिवाळीच्या आधी, घर भरलेलं असताना, लाइनमन खांबावर चढतो.